एकाचा टेकू, दुसऱ्याचा घाव : फाशांच्या लढाईत जोडीनं लढायचे घरचे नियम

परभणीत एप्रिल-मेच्या रात्री घरात बसवत नाही, त्यामुळे आमचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ गच्चीवर रंगतो. खाली सतरंजी, मधोमध चौकटींचा मोठा कागद, त्यावर बाटल्यांची झाकणं आणि चिंचोके. झाकणं म्हणजे आपली माणसं, चिंचोके म्हणजे शत्रू. आजीच्या चिंचा फोडून झाल्या की चिंचोक्यांची पिशवी माझ्याकडे येते आणि वर्षभराची गोब्लिनांची, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसांची, फौज तयार होते.

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री लढाई ऐन भरात असताना मी कागदाकडे नीट पाहिलं. झाकण, चिंचोका, झाकण, चिंचोका, झाकण, चिंचोका. पंगत बसावी तशी सरळ रांग. खेळणारे चौघं चार तऱ्हेचे, त्यांची पात्रंही चार तऱ्हेची, पण प्रत्येकानं एकच गोष्ट केली होती : समोरच्या शत्रूच्या बरोब्बर पाठीमागे जाऊन उभं राहायचं आणि हाणायचं. एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं. गंमत म्हणजे हे सगळं घडलं होतं ते 'जोडीनं लढा' असं सांगणाऱ्या नियमामुळे. तो नियम का फसला आणि त्याच्या जागी आम्ही काय बसवलं, ते इथे सांगतो. हा खेळ मराठीत खेळणारे गट वाढावेत असं मला मनापासून वाटतं, आणि लढाई कंटाळवाणी झाली की गट मोडतात.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याचं मूळ आहे पुतळे मांडून खेळायच्या युद्धखेळांत. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. आमच्या गच्चीवर सूत्रधार, आणि ते काम माझ्याकडे आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात. आमच्याकडे ढाल-तलवारवाला लढवय्या आहे, पुजारीण आहे, जादूगार आहे, तिरंदाज आहे. हिंडणं, शोधणं, वाटाघाटी हे सगळं बोलण्यातून चालतं. लढाई सुरू झाली की मात्र पाळ्या लागतात.

आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. (तिचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत मुक्त परवान्याखाली खुले झाले. ते फुकट वाचता येतात आणि मूळ श्रेय देऊन मराठीतही आणता येतात. पुस्तक महाग म्हणून कुणी थांबू नये.) एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. आपल्या पाळीत थोडं चालायचं आणि एक मुख्य कृती करायची : वार, मंत्र, काहीही. शिवाय फेरीतून एकदाच 'रिॲक्शन' मिळते, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत दिलेलं झटपट उत्तर. शत्रू आपल्याजवळून निसटायला लागला की त्याला जाता जाता हाणायचा वार हा तिचा नेहमीचा उपयोग.

वार लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशावर आलेल्या आकड्यात आपलं कौशल्य मिळवायचं आणि बेरीज शत्रूच्या 'एसी'एवढी किंवा जास्त झाली तर वार लागला. एसी म्हणजे त्याच्या चिलखताचा आणि चपळाईचा आकडा. लांडग्याचा एसी १३. आमच्या लढवय्याचं कौशल्य ५. म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवेत, वीसपैकी तेरा शक्यता, ६५ टक्के. फासा नसेल तर १ ते २० च्या चिठ्ठ्या वाटीत टाकून एक उचला, फक्त उचललेली चिठ्ठी परत टाका, नाहीतर पुढच्या वेळची शक्यता बदलते.

आता एकच शब्द समजून घ्या : ॲडव्हांटेज. दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. एका फाशाला निम्मी संधी असेल, तर दोन्ही फासे चुकण्याची शक्यता पाव उरते. म्हणजे ५० टक्क्यांचे थेट ७५ होतात. पुढचं सगळं गणित यावरच उभं आहे.

मी आणलेला तो नियम म्हणजे फ्लँकिंग. पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तो ऐच्छिक म्हणून दिला आहे : दोन साथीदार एका शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हांटेज. वाचताना छान वाटतं. टेबलावर मात्र दोन गोष्टी होतात. पहिली, हा फायदा फुकट आहे. दोन पावलं जास्त चाललं की झालं, सोडावं काहीच लागत नाही. फुकटची गोष्ट प्रत्येक जण प्रत्येक वेळी घेणारच, आणि मग ती डावपेच राहत नाही, सवय होते. दुसरी गोष्ट जास्त नुकसान करते. ॲडव्हांटेजवर ॲडव्हांटेज चढत नाही. दोन कारणं असोत की पाच, फासे दोनच. म्हणजे जादूगारानं मंत्र खर्चून शत्रूला उजळवलं, लढवय्यानं त्याला आडवा पाडला, पुजारिणीनं आपला वार सोडून मदत केली, तरी मिळणार तेच, जे नुसतं पाठीमागे उभं राहून मिळत होतं. एका फुकट नियमानं तीन कष्टाचे डाव निकामी केले. म्हणून ती रांग.

हे कळल्यावर मला आमची शाळेच्या मैदानावरची कबड्डी आठवली. चढाईपटू आत येतो, डाव्या कोपऱ्यातला खाली झेपावून त्याच्या घोट्याला हात घालतो. त्या क्षणी त्यानं स्वतःला पणाला लावलेलं असतं. मध्यरक्षक वेळेवर येऊन आदळला तर पकड, नाही आला तर चढाईपटू रेषेला हात टेकवतो आणि कोपऱ्यातला गडी बाद होऊन बाहेर. साखळी धरण्यात मजा येते ती यामुळेच. एकानं काहीतरी सोडलेलं असतं आणि दुसऱ्यानं ते वाया जाऊ द्यायचं नसतं. नुसतं चढाईपटूच्या दोन बाजूंना उभं राहिल्याचा गुण कुणी देत नाही. घरचा नियम करायचा तर बक्षीस जागेला द्यायचं नाही, सोडण्याला द्यायचं. आमचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले.

टेकू

तुम्ही म्हणाल, सोडून मदत करायचा नियम तर मूळ खेळातच आहे. बरोबर. त्याचं नाव 'हेल्प'. शत्रूच्या पाच फुटांत, म्हणजे कागदावर शेजारच्या चौकटीत, उभं राहून आपली कृती सोडायची, मग साथीदाराच्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज मिळतो. तरीही आमच्यात तो कुणी वापरत नव्हतं. मला आधी वाटायचं पोरं स्वार्थी खेळतायत. एका दुपारी पाठकोरा कागद घेऊन हिशोब मांडला तेव्हा कळलं की पोरांचंच बरोबर होतं.

दोघं सारखे लढवय्ये धरा, वार लागायची शक्यता निम्मी. दोघांनी आपापला वार केला तर सरासरी एक वार लागतो, अर्धा अधिक अर्धा. एकानं मदत केली आणि दुसऱ्यानं मारला, तर पाऊणच लागतो. पाव वार वाया. शक्यता कितीही बदला, मदत करणारी जोडी लागलेल्या वारांच्या संख्येत नेहमी मागेच राहते, कारण ॲडव्हांटेज दुसरा फासा देतं पण दुसरा घाव देत नाही. दोन्ही फासे चांगले पडले तरी घाव एकच. फायदा होतो तो मारणारा मदत करणाऱ्यापेक्षा खूपच दांडगा असेल तेव्हा. एकाचा घाव ४ चा आणि दुसऱ्याचा १६ चा असेल, तर दोघं वेगवेगळे मिळून सरासरी १० काढतात आणि टेकू देऊन १२. म्हणजे मूळ नियम दुबळ्याला सांगतो, तू बलवानाची सेवा कर. घरातल्या धाकट्यांना हे ऐकवायची मला इच्छा नव्हती.

मग आम्ही एवढीच भर घातली : मदतीनंतरचा वार लागला, तर मदत करणाऱ्यानं चार बाजूंचा फासा टाकायचा आणि तेवढी इजा त्या घावात मिळवायची. फासा मदत करणाऱ्यानंच टाकायचा, हे महत्त्वाचं. याला आम्ही टेकू म्हणतो.

चारच बाजूंचा का, सहाचा किंवा आठचा का नाही, याला कारण आहे. तलवारीचा घाव आठ बाजूंचा फासा अधिक ३, सरासरी साडेसात. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच. मिळून दहा. आता निम्मी शक्यता घ्या. दोघांनी वेगवेगळे वार केले तर सरासरी इजा साडेसात, टेकूनं केला तर दहाचे पाऊण म्हणजे साडेसातच. तराजू सरळ. (फाशावर २० आल्यावरचा जबर घाव मी हिशोबात धरलेला नाही, त्यानं थोडा फरक पडतो.) इथून शत्रू बदलला की तराजू कलतो. लांडगा, एसी १३ : वेगवेगळे वार केले तर ९.७५, टेकूनं ८.७८. लांडग्यावर सरळ तुटून पडावं. गोब्लिन, एसी १५ : ८.२५ आणि ७.९८, जवळजवळ सारखंच, मन म्हणेल ते करा. हॉबगोब्लिन हा चिलखत आणि ढाल घेऊन येतो, एसी १८ : वेगवेगळे ६, टेकूनं ६.४. आणि एसी २० चा एखादा पोलादी सरदार असेल तर ४.५ विरुद्ध ५.१. म्हणजे शत्रूचं कवच जितकं जाड तितका टेकू मोलाचा. पाहून ठरवावं लागतं. सहा बाजूंचा फासा घेतला असता तर गोब्लिनापासूनच टेकू जड झाला असता, आणि फ्लँकिंगसारखीच त्याचीही सवय होऊन बसली असती.

माझी धाकटी मावसबहीण नववीत आहे. पुजारीण तिची. टेकू येण्याआधी तिची पाळी म्हणजे गदेचा एक वार, बहुतेक चुकणारा, आणि मग पुढच्या पाळीपर्यंत ती गच्चीच्या कठड्याला टेकून रस्त्यावरची वर्दळ बघायची. टेकू आल्यावर तिसऱ्याच दिवशी दोन हॉबगोब्लिनांनी दार अडवलं. ती म्हणाली, ''मी गदा त्याच्या ढालीच्या कडेला अडकवून खाली ओढायले. दादा, तू वरून हाण.'' लढवय्या चालवणाऱ्या दादानं दोन फासे टाकले, एकावर ६, दुसऱ्यावर १५. लागला. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण आता फासा तिच्या हातात होता. चार आले. हॉबगोब्लिनाचा जीव ११, दादाचा घाव ८, तिचे ४. चिंचोका तिनं स्वतः उचलून पिशवीत टाकला. त्या रात्री ती कठड्याकडे गेली नाही.

कैची, खो आणि एक दम

बाकीचे नियम लहान आहेत.

फ्लँकिंग आम्ही काढून टाकलं नाही, महाग केलं. समोरासमोरचे दोघं ठरवून 'कैची' म्हणाले, तर दोघांनाही वारावर अधिक २. पण दोघांचीही त्या फेरीची रिॲक्शन गेली. वीस बाजूंच्या फाशावर २ म्हणजे दहा टक्के, एवढं पुरे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही फ्लँकिंगला अधिक २ च होते. आणि ही बेरीज ॲडव्हांटेजच्या जोडीला चालते, म्हणून टेकू आणि मंत्र मरत नाहीत. रिॲक्शन गेली की शत्रूला निसटायला वाट मोकळी होते, त्यामुळे पळपुट्या गोब्लिनाला कैचीत धरायचं की नाही याचा विचार करावा लागतो. रांग त्याच आठवड्यात मोडली.

पाळ्यांचा क्रम लढाईच्या सुरुवातीला फाशानं ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. यात अडचण अशी, की जादूगारानं शत्रू आडवा पाडला तरी लढवय्याची पाळी येईपर्यंत तो उठून उभा राहतो. आम्ही आधी क्रमच काढून टाकला : ज्याची पाळी संपेल त्यानं पुढचा निवडायचा, आणि फेरीतला शेवटचा गडी नव्या फेरीची सुरुवात कुणी करायची ते ठरवणार. परदेशी गटांमध्येही ही पद्धत चालते. आमच्या चौघांनी एकमेकांनाच पाळ्या देऊन आधी हात साफ केले. मग चार लांडगे लागोपाठ आले, शेवटच्या लांडग्यानं नवी फेरी लांडग्यांकडेच ठेवली, आणि पुजारिणीला आठ वेळा चावा घ्यायची संधी त्यांना मधे कुणी न येता मिळाली. ती पडली. दोष पद्धतीचा म्हणता येणार नाही, ती चौघांनी हावरटपणानं वापरली. पण नवख्या गटाला ती झेपत नाही असं माझं मत झालं.

मग खो-खो कामाला आला. खो-खोत आठ गडी आळीपाळीनं उलट तोंडं करून बसतात, एकच पळतो, आणि ज्याला पकडायचं तो दुसऱ्या बाजूला निसटला असं दिसलं की त्या बाजूला तोंड असलेल्याला खो देतो. तसंच इथे. फाशाचा क्रम कायम. पण फेरीतून एकदा, सगळ्या गटात मिळून एकदाच, आपली पाळी संपवताना या फेरीत न खेळलेल्या साथीदाराला ''खो!'' म्हणायचं. तो लगेच उठतो. खो देणाऱ्याची रिॲक्शन गेली. कैचीची किंमतही रिॲक्शनच आहे, म्हणून एकाच गड्याला दोन्ही साधत नाहीत. आमच्या जादूगाराला हे सगळ्यात जड जातं, कारण त्याचा ढालीचा मंत्रही रिॲक्शनवरच चालतो. खो दिला की तो फेरीभर उघडा. तरी देतो, आणि देताना आधी पुजारिणीकडे बघतो, ती सांभाळेल ना म्हणून.

बोलण्याचा नियम मी सगळ्यात शेवटी आणला, खरं तर पहिला आणायला हवा होता. प्रत्येक गटात एक दादा असतो. आमच्यात तर नात्यानंही दादाच आहे, लढवय्या त्याचाच. त्याला नियम पाठ, डोकं चालतं, आणि मनानं चांगला. पण तो सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळायचा. ''तू इकडं ये, तू त्याला मार, तू मंत्र वाचव.'' एकदा मावसबहिणीनं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाली, ''दादा, तू सांगायलास तसंच जर करायचं, तर मी कशाला बसले?'' गच्चीवर कुणी काही बोललं नाही. तिचं खरं होतं. एकाच डोक्यानं चार हात हलवणं ही जोडीची लढाई नव्हे, ते चार हातांचं एक माणूस झालं.

आता नियम असा : दुसऱ्याच्या पाळीत सल्ला द्यायचा तर एका दमात, कबड्डीत घेतो तसा. श्वास घेतला की बोलणं संपलं. सहा सेकंदांच्या फेरीत रणांगणावर तेवढंच ओरडता येतं. आणि दिलेला सल्ला मानायचाच असं नाही. दादाला पहिले दोन दिवस फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी तो ''डावीकडं, ढाल, मी येतो!'' एवढंच म्हणाला आणि त्यातून तिनं स्वतःचं काहीतरी काढलं. इतकं तोडून बोललं की ऐकणाऱ्याला विचार करायला जागा उरते.

नियम कागदावर आणायच्या आधी मी एक गोष्ट तपासतो. हाच नियम शत्रूनं वापरला तर? शत्रू सहसा संख्येनं जास्त असतात, म्हणून फुकटचा प्रत्येक फायदा त्यांना जास्त मिळतो. लांडग्यांना मूळ खेळातच कळपाची खुबी दिलेली आहे : सावजाजवळ दुसरा लांडगा असला की चाव्याला ॲडव्हांटेज. ती त्यांची जात, त्यांना आणखी काही देत नाही. गोब्लिन घाबरट, ते फक्त खो देतात आणि पळतात. हॉबगोब्लिन कवायत केलेले सैनिक, त्यांना टेकू, कैची, खो सगळं येतं, आणि हे खेळाडूंना आधी सांगितलेलं असतं. त्यांनी पहिल्यांदा कैची लावली तेव्हा दादा चिडला नाही. ''आयला, आपलाच डाव,'' म्हणाला आणि कागदावर वाकून बघायला लागला.

एका वेळी एकच नवा नियम आणा. तीन-चार रात्री तो चालू द्या, मग ठेवायचा की काढायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा. नियम वहीच्या एका पानावर हातानं लिहिलेले असू द्या, पान भरलं की नवा नियम आणताना जुना खोडावा लागतो.

जागेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. सध्या मी देवगिरीच्या किल्ल्यावर बेतलेली मोहीम चालवतो. शाळेच्या सहलीत ज्यानं तिथली अंधारी पाहिली असेल त्याला वेगळं सांगायला नको : खंदक ओलांडला की खडकात कोरलेली काळोखी, वळणावळणाची चढण. मी ती कागदावर एक चौकट रुंदीची काढली. तिथे समोरासमोर उभं राहताच येत नाही, कैची बाद. टेकूला शत्रूच्या पाच फुटांत असावं लागतं, म्हणजे पुढचा एकटा लढणार आणि मागचे तिघं बघणार. दोन रात्री हाल झाले. शेवटी ठरलं, की मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावरून मशाल शत्रूच्या तोंडासमोर धरली तर तो टेकू मानायचा, पण मग शत्रूलाही मशालवाल्यावर वार करता येईल. धोका घेतला ना, मग चालेल.

तिरंदाज इथेच अडलाय. तो माझा शाळेपासूनचा मित्र, जिंतूरहून दर शनिवारी येतो. त्याचं म्हणणं, मी साठ फुटांवरून शत्रूच्या पायाशी बाण मारून त्याला दचकवला तर तो टेकू का नाही? म्हणणं रास्त आहे, पण साठ फुटांवर त्याला कुणी हात लावत नाही. सध्या असं चालवून बघतोय : लांबून दिलेल्या टेकूला ॲडव्हांटेज मिळेल, चार बाजूंचा फासा मिळणार नाही. वर मांडलेल्या हिशोबानं तो तोट्याचाच सौदा आहे, मारणारा त्याच्याहून बराच दांडगा नसेल तर. दादानं आता तलवार-ढाल सोडून दोन हातांनी धरायचा मोठा परशू घेतलाय, त्याच्यासाठी कदाचित परवडेल. येत्या शनिवारी अंधारीच्या वरच्या तोंडाशी पाच हॉबगोब्लिन बसवलेत. पाच चिंचोके मी आधीच बाजूला काढून ठेवलेत, सरदाराचा जरा मोठा.